बादशहाची बदली

साळवेंच्या हातात कोणी नाणं ठेवलं की ते आधी त्याची तब्येत बघायचे. आष्टीच्या स्टँडसमोर चहा पिऊन सुटे परत आले की तुम्ही-आम्ही ते न बघता खिशात टाकतो. साळवे एकेक नाणं उन्हात धरायचे, अंगठ्यानं पुसायचे आणि मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातावर वाकायचे. त्याचा रुपया आपल्यापेक्षा ठसठशीत निघाला की विचारायची पद्धत नाही. त्याचा उचलायचा, आपला ठेवायचा. "तेवढ्याच किमतीचा हाय," एवढं मात्र सांगायचे.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांना आहेराच्या टेबलावर बसवलं होतं. हिशेबाला चोख माणूस म्हणून. थोड्या वेळानं मुलीच्या मामाला दिसलं की साळवे आहेराच्या पाकिटांवर चिकटवलेले रुपये नखानं खरवडून काढताहेत. मामा धावून आले. साळवेंनी शांतपणे खिशातून दुसरा रुपया काढून त्या जागी चिकटवला आणि मामांना समजावून सांगितलं की रकमेत काडीचा फरक पडलेला नाही, फक्त झिजलेला आत गेला आणि चांगला बाहेर आला. मामांना ते पटलं नाही. साळवेंना जेवायच्या आधीच मांडवातून आणावं लागलं.

आम्ही दोघं दूध संघाच्या शीतकरण केंद्रात होतो. ते केंद्रप्रमुख, मी हिशेब बघायचो. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. ऑफिसात अकौंटंट, बाजारात अकौंटंट, घरी आले तर माझ्या आईसमोरही अकौंटंट. आईला बरीच वर्षं वाटायचं की ही काहीतरी शिवी आहे.

नाण्यांचा संग्रह करणारी माणसं झिजलेलं नाणं देऊन त्याच जातीचं चांगलं घेतात, त्याला साळवे 'बदली' म्हणायचे. सरकारी-सहकारी ऑफिसात हा शब्द किती जपून वापरावा लागतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकदा कॅन उतरवणारा रऊफ त्यांच्या मागं उभा असताना ते हातातल्या नाण्याकडं बघून स्वतःशीच म्हणाले, "ह्याचं आता काई खरं न्हाई. बदलीच करावी लागंल." रऊफ तसाच घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्याला घेऊन आला. सासरा म्हातारा, जवळच्या कडा गावात फळांची गाडी लावायचा. त्यानं डाळिंबांची पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कावून बदली करता सायेब पोराची? काय चुकलं?"

"पोराची न्हाई हो चाचा, निजामाची," साळवे म्हणाले. मग त्यांनी निजामाचा झिजका रुपया काढून दाखवला. चाचांनी तो नीट बघितला आणि डाळिंबं परत घेऊन गेले.

संग्रह ते दुधाच्या नमुन्याच्या बाटल्यांच्या जुन्या लाकडी ट्रेमध्ये ठेवायचे. बाटलीच्या प्रत्येक खाचेत कापूस, कापसावर नाणं. एका जातीचं एकच. निजामाचे चांदीचे रुपये ओळीनं होते, आणि त्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य घातलं होतं. पण ट्रेमधला मानाचा खण रोमच्या बादशहाचा.

ते नाणं त्यांना एका जुन्या दुष्काळात मिळालं. लोक घरातली चांदी मोडत होते आणि बीडच्या एका सराफाकडं वितळायला निघालेल्या ढिगात ते पडलं होतं. अंगठ्याच्या नखाएवढं, वर भोक पाडलेलं; कुणीतरी पिढ्यान् पिढ्या गळ्यात घातलं असणार. साळवे नवीन लग्न झालेले, खिशात काही नाही. सराफ म्हणाला, चांदीच्या बदल्यात चांदी आणा. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, दुकानातच पायातला एक तोडा काढून दिला. उरलेला एक तोडा घालून त्या काही दिवस हिंडल्या, मग तोही काढून ठेवला. "माझ्या पायातला बादशहा," असं त्या त्या नाण्याला म्हणायच्या.

नाण्यावर खरं तर काहीच उरलं नव्हतं. वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखं ते झालं होतं. घरी येणाऱ्याच्या हातात ते देऊन साळवे विचारायचे, "काय दिसतं?" खरं बोलणाऱ्याला चहा मिळत नसे. मी पहिल्याच भेटीत "बादशहा" म्हणालो होतो.

वहिनींना मात्र दिसायचं. संध्याकाळी दोघं खिडकीशी बसायचे, ट्रे मधे. त्या एकेक नाणं उजेडाला धरायच्या आणि त्यांची टिप्पणी चालायची. हा निजाम रात्री जेवला नाही. ह्या बादशहाला सर्दी झालीय, बघा, नाक कसं सुजलंय. साळवे हसायचे. ऑफिसात त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं, म्हणून हे सांगतो.

पुढं वहिनींना साखरेचा आजार लागला आणि तो डोळ्यांत उतरला. साळवेंनी नगर केलं, पुणं केलं. दिसणं थोडंथोडं करत गेलं. ट्रे कपाटावर गेला. साळवेंनी तो कधी काढायचा प्रयत्न केला तर वहिनी म्हणायच्या, तुमी बघा, मी ऐकते. पण नाणं ही ऐकायची वस्तू नव्हे, आणि साळवेंना बोलून दाखवणं जमत नसे. कपाटावर धूळ बसली.

त्यानंतरचा दुष्काळ तुम्ही ऐकला असेल. ऊसतोडीला जाणारे दिवाळीची वाट न बघता गाड्या जुंपून पश्चिमेला गेले. गावात म्हातारी माणसं आणि कुलपं उरली. जनावरं छावणीत. कॅन अर्धे यायला लागले, मग तळाशी दूध घेऊन यायला लागले. आमचं यंत्र एवढं मोठं की तेवढ्याशा दुधाला गार करताना त्याचीच लाज वाटावी. केंद्र बंद होणार अशी बोलवा होती. रऊफ सगळ्यांना विचारत फिरायचा.

आणि त्या दिवसांत साळवेंनी बादशहाची बदली काढली.

अंबाजोगाईला एक निवृत्त डॉक्टर होते. मोठा संग्रह; मुलं परदेशी, म्हणून आता एकेक वस्तू योग्य माणसाला देत होते. त्यांच्याकडं त्याच बादशहाची नाणी आहेत असं साळवेंना कळलं आणि त्यांचं चित्त उडालं. ऑफिसात लोक तोंडावर बोलायला लागले. गाई छावणीत हाडं दाखवतायत आणि सायबाला बादशहाची पडलीय.  साळवे मला फक्त म्हणाले, "अकौंटंट, तुमी चला संगट. मला एकट्याला सुचायचं न्हाई."

बीडला गाडी बदलून आम्ही निघालो. साळवेंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत आख्खा ट्रे. केजच्या पुढं रस्त्याकडेला छावणी लागली. हिरव्या जाळ्यांच्या सावलीत बांधलेली जनावरं, टँकरभोवती बायकांचे हंडे. खिडकीतून सगळ्यांनी पाहिलं. साळवेंनी पिशवीवर दोन्ही हात ठेवले होते.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी बादशहाची दोन नाणी मखमलीवर ठेवली. पहिलं पाहून मीसुद्धा सरळ बसलो. चेहरा, केस, भोवतीची अक्षरं, सगळं शाबूत, आणि चांदीला जुन्या काळाची निळसर झाक. दुसरं काळवंडलेलं, वेडंवाकडं, आणि बादशहाच्या मानेवर कुणीतरी छिन्नीचा घाव घातलेला. मात्र ठसा उंच होता. नाक नुसतं वर आलं होतं. दोन्हीच्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई होती.

साळवेंनी भिंग मागितलं नाही. त्यांनी डोळे मिटले. आधी पहिल्या नाण्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून. मग परत पहिल्यावरून. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"हे द्या," साळवे म्हणाले, आणि घाववालं नाणं उचललं.

डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. संग्राहक ज्याला चांगलं म्हणतात ते पहिलं आहे, दुसरं डागी आहे. साळवेंनी मान हलवली आणि ट्रे पुढं केला. भोकवाला जुना बादशहा तर दिलाच, वर निजामाची आख्खी ओळ दिली. डॉक्टरांनी हात मागं घेतला.

"साळवे, यात तुमचा फार तोटा आहे. एवढं मी घेऊ शकत नाही."

"घ्या डॉक्टर. मला तेवढी बघायला आता सोबत न्हाई."

 डॉक्टरांनी नाणं कागदात गुंडाळून दिलं.

येताना रिकामा ट्रे साळवेंनी पायाशी ठेवला होता आणि शर्टाच्या खिशावर हात. मी विचारलं, उजळ नाणं का सोडलं?  साळवे म्हणाले, "ते नुसतं बघायचं हाय. ह्याचं नाक हाताला लागतं. तिला लागंल."

मला तेव्हा उमगलं. ज्यांनी त्यांना नावं ठेवली होती त्यांच्यात मीही होतो, पण त्या वेळी ते बोलण्यासारखं नव्हतं.

आष्टीला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. वहिनी दारात बसल्या होत्या. पावलांवरून त्यांनी दोघांना ओळखलं आणि साळवे मोरीत पाय धुवायला गेले तशा त्या भिंतीला धरत पाणी घेऊन आल्या. तांब्या घेताना मला त्यांच्या उजव्या अंगठ्यावर मोठा फोड दिसला, पार फुटलेला, लालभडक. मी विचारलं.

"तवा लागला आसंल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कवा लागला ते कळलं न्हाई. हातापायाला आता काईच लागत न्हाई, भावजी. तुमी ह्यांना बोलू नका. डोळ्याचंच लई घेतलंय त्यांनी मनाला."

तेवढ्यात साळवे आले. हात धोतरासारख्या मोठ्या पंच्याला पुसत, घाईघाईनं, लहान मुलासारखे. खाली बसले, कागद सोडला आणि नाणं वहिनींच्या तळहातावर ठेवलं. काय आणलंय ते सांगितलं नाही.

वहिनींनी ते चाचपलं. भाजलेला अंगठा नाण्यावरून सावकाश फिरला. "बादशहा," त्या म्हणाल्या. "नवा आणला? अगोबाई, नाक बघा की त्याचं. केवढं टोकदार हाय."

मी जवळच बसलो होतो. बादशहा तळहाताकडं पालथा पडला होता. अंगठ्याखाली खुर्चीवरची बाई होती.

मी साळवेंकडं पाहिलं. ते नाण्याकडं बघत होते. मग अंगठ्याकडं, त्या फोडाकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं.  बाहेर टँकर आल्याची ओरड झाली आणि बाया हंडे घेऊन पळाल्या.

"हां," ते शेवटी म्हणाले. "नाकावरच तर घेतला."

"आन् मागं काय हाय?"

साळवेंनी वहिनींच्या हातातलं नाणं उलटं केलं. आता बादशहाचं उंच नाक बरोबर अंगठ्याखाली आलं. त्यांनी वहिनींचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यांचा अंगठा फोड सांभाळून त्या नाकावरून हलकेच फिरवला.

"बाई हाय," ते म्हणाले. "खुर्चीवर बसलीय."

"हां, बसलीय," वहिनी म्हणाल्या. "दमलीय वाटतं लई."

"लांबून आलीय," साळवे म्हणाले, आणि वहिनींचा अंगठा फिरवत राहिले.