तीनशे बारा नाण्यांची परेड

"घरघंटी पुढच्या गुरुवारी येणार हाय," भाकरी उलटता उलटता चंद्राबाई म्हणाल्या, "आन् ती कपाटाच्या जागंला बसणार हाय. थ्री-पिन तितंच हाय."

निवृत्त सुभेदार लालासाहेबांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढून त्याची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. एवढं सगळं ते फक्त गंभीर प्रसंगीच करत.

"कुठल्या कपाटाच्या?"

"घरात कपाट एकच हाय."

ते खरं होतं. रहिमतपुरातल्या त्या घराच्या मधल्या खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट होतं आणि त्यात सुभेदारांनी बत्तीस वर्षांत जमवलेली तीनशे बारा जुनी नाणी होती. भटिंड्यापासून तेजपूरपर्यंत जिथे बदली झाली तिथून त्यांनी नाणी आणली होती. सुट्टीवर आले की ते गावोगाव हिंडून नाणी मागत. प्रत्येक नाणं एका कागदी पुडीत आणि पुडीवर निळ्या शाईत ते कुठे, कुणाकडून मिळालं याची नोंद. कपाटाच्या दारावर पांढऱ्या रंगात 'हात लावू नये' असं लिहिलेलं होतं. दार उघडण्याआधी बघणाऱ्याला दोन्ही हात पाठीमागे घ्यावे लागत. सुभेदार "विश्राम!" असा हुकूमच देत. मेव्हणे, तलाठी, म्हशीला तपासायला आलेले जनावरांचे डॉक्टर, सगळ्यांनी त्या कपाटापुढे विश्राम केलेला होता. चंद्राबाईंनी तेवढा केला नव्हता, कारण त्यांनी नाणी बघायला कधी मागितलीच नव्हती.

"अगं, खजिना हाय तो."

"कुनी सांगितलं?"

हा प्रश्न सुभेदारांना लागला. बत्तीस वर्षांत नाण्यांतलं कळणारा एकही माणूस त्या कपाटापर्यंत आलेला नव्हता. डॉक्टर "वा वा" म्हणाले होते खरे, पण ते म्हशीलाही वा वा म्हणाले होते.

सांगलीचे मगदूम सर हे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या घराघरांत पडून असलेल्या जुन्या नाण्यांचं ते पुस्तक करत होते. सुभेदारांनी त्याच दिवशी त्यांना फोन लावला. सर रविवारी सकाळच्या गाडीने येतो म्हणाले. मग नवरा-बायकोत तह झाला. सरांनी या संग्रहातलं एक जरी नाणं पुस्तकात घेतलं तर घरघंटी गोठ्याच्या पडवीत बसणार. नाही घेतलं तर कपाट गोठ्यात जाणार.

"एक जरी?" सुभेदार हसून म्हणाले. "तीनशे बारा हायती."

"मग घोर कशाचा?" चंद्राबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी आकाराम आला. हा त्यांच्याच पलटणीत नाईक होता. दोघांनाही पेन्शनीत येऊन दहा-बारा वर्षं झाली, पण आकाराम अजून त्यांच्यासमोर खुर्चीवर टेकून बसत नाही. सुभेदारांनी त्याला एक शिवराई दाखवली. काळपट, हिरवट, कडेला माती धरलेली.

आकारामने ती निरखली आणि त्याचा चेहरा पडला. "साहेब, ह्या अवस्थेत इनस्पेक्शनला?"

खोटं कशाला सांगा, नेमकं तेच सुभेदारांच्याही मनात होतं. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने पट्ट्याचं बकल आरशासारखं चमकवल्याशिवाय बाहेर पाऊल टाकलं नाही, तो बाहेरून येणाऱ्या साहेबासमोर शेवाळलेली नाणी मांडणार? अशा नजरेने बघितलं तर ती नाणी नव्हती, दाढी न करता फॉल-इन झालेले तीनशे बारा जवान होते.

सुभेदारांनी ट्रंकेतून पितळ चमकवायच्या पॉलिशचा डबा काढला. एक शिवराई घासली. ती नव्यासारखी लखलखली.

"लय भारी," आकाराम हळूच म्हणाला.

पण आता एक चमकती आणि बाकीची मळकी, म्हणजे बेशिस्त. म्हणून दुसरं घासलं, मग तिसरं. शंभराच्या आसपास डबा संपला. तेवढ्यासाठी थांबायचं? आकाराम घरी जाऊन चिंच घेऊन आला, मीठ चंद्राबाईंच्या बरणीतून घेतलं. देवाची भांडी घासायची पावडरही गेली, तेव्हा मात्र चंद्राबाई दारात आल्या.

"आवं, त्या म्हाताऱ्या नाण्यांना कशाला आंघोळी घालताय?"

"तुला न्हाई कळायचं. टर्नआउट म्हनत्यात ह्याला."

शनिवारी दुपारपर्यंत तीनशे बारा नाणी धुऊन, घासून, पुसून पांढऱ्या चादरीवर आली. आता ती लावायची कशी? पुड्यांच्या क्रमाने लावली तर मोठ्याशेजारी बारकं, बारक्याशेजारी जाडं असं विचित्र दिसायला लागलं. सुभेदारांना ते सहन होईना. त्यांनी छाती फुगवून ऑर्डर दिली, "लंबा दाहिने, छोटा बायें!" आणि दोघांनी गुडघ्यांवर बसून सगळी नाणी आकाराप्रमाणे लावली. उजवीकडे मोठी, डावीकडे लहान, बारा बाराच्या सव्वीस रांगा. दोऱ्याने सरळ रेषा धरल्या. शेवटी प्रत्येकावर खोबरेल तेलाचं एक बोट.

त्यानंतर सुभेदारांनी पुड्यांचा गठ्ठा हातात घेतला. वरच्या पुडीवर लिहिलं होतं: 'सिद्धू धनगर, आटपाडीकडचा. मेंढ्या बसवल्या त्या रानात सापडलं. चहाही घेतला नाही, हातावर ठेवून निघून गेला.' सुभेदारांनी पुडी बघितली. मग चादर बघितली.

"आकाराम, सिद्धूचं कुठलं रं?"

आकारामने सव्वीस रांगांवरून नजर फिरवली. सगळी नाणी त्याच्याकडे सारखीच चमकून बघत होती. "ह्यातलंच असंल, साहेब," तो म्हणाला. ते चूक नव्हतं, पण सुभेदारांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी मगदूम सर आले. बारीक, शांत माणूस, खांद्याला शबनम पिशवी. सुभेदार इस्त्रीच्या कपड्यांत दारात उभे होते, त्यांच्या मागे आकाराम. चादरीजवळ आल्यावर सुभेदार सवयीने "विश्राम" म्हणणार होते, पण जीभ आवरली. सर खाली बसले, पिशवीतून भिंग काढलं आणि पहिलं नाणं उचललं. मग दुसरं. मग दहावं. मग एकदम शेवटच्या रांगेतलं.

"सगळी अशीच आहेत?"

"एकसारखी!" सुभेदार म्हणाले.

"धुतलीत का?"

"पॉलिश केली, सर. चिंच, मीठ, पावडर. वरनं खोबरेल."

"कायबी कसूर ठेवली न्हाई," आकाराम मागून म्हणाला.

"कधी केलंत हे?"

"परवा सुरू केलं, काल संपलं."

सरांनी भिंग रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. त्यांची हालचाल इतकी हळू होती की आकारामने आपोआप टोपी काढली.

"सुभेदारसाहेब," सर म्हणाले, "दूध तापवून ठेवलं की त्यावर साय धरते ना, तशी तांब्याच्या नाण्यावरही साय धरते. तिला दोनशे, तीनशे वर्षं लागतात. नाणं खरं किती जुनं, कुठल्या मातीत होतं, ते आम्ही त्या सायीवरून वाचतो. तुम्ही साय खरवडलीत. शिवाय अक्षरांच्या कडा झिजल्या, बारीक चरे पडले. यातली काही फार चांगली असणार होती. आता हे तांबं आहे. स्वच्छ तांबं."

"परत धरंल का ती साय?"

"धरेल की," सर प्रामाणिकपणे म्हणाले. "दोनशे वर्षांनी."

सुभेदार चादरीकडे बघत राहिले. चुकीची ऑर्डर दिली आणि सगळी पलटण गेली, असं त्यांना झालं. लोकांनी विश्वासाने हातावर ठेवलेल्या वस्तू आपण आपल्या हाताने, दोन दिवस घाम गाळून, नासवल्या. चोराने नेल्या असत्या तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

चंद्राबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी दारातूनच सगळं ऐकलं होतं. तह त्या जिंकल्या होत्या, पण घरघंटीचं नाव त्यांनी काढलं नाही. नवऱ्याच्या पुढ्यात कप ठेवला आणि त्यात साखर जरा जास्तच घातली होती.

सुभेदारांनी कपाला हात लावला नाही. शब्द म्हणजे शब्द. "आकाराम," ते म्हणाले, "नाणी डब्यात भर. कपाट गोठ्यात घ्यायचं."

आकारामने मूठभर नाणी उचलली. तेलाने माखलेलीच ती. एक सटकलं, फरशीवर पडलं आणि घरंगळत थेट कपाटाखाली गेलं. आकाराम पोटावर आडवा झाला आणि त्याने मोबाईलचा उजेड पाडला.

"गावलं, साहेब. पर हितं आनखी एक दिसतंय. मागच्या पायाखाली, चिंधीतनं कड भाईर आलीया."

"ते ऱ्हाऊ दे," चंद्राबाई घाईने म्हणाल्या. "फरशी खाली बसलीया तितं. कपाट डुगडुगत हुतं म्हनून मीच घातलंय."

सर मात्र उठून उभे राहिले. "जरा कपाट उचलता का?"

दोघांनी कपाट बोटभर उचललं. सरांनी खणाच्या कापडाची एक चपटी घडी ओढून काढली आणि खिडकीशी नेऊन उलगडली. आत एक जाड, वेडावाकडा तांब्याचा पैसा होता, गडद हिरवा, जागोजाग तपकिरी. सरांनी भिंग पुन्हा बाहेर काढलं. पैसा कडेने धरून एक बाजू बघितली, दुसरी बघितली. मग पिशवीतून एक फोटो काढून शेजारी धरला.

"ही अक्षरांची ठेवण मी यापूर्वी एकदाच बघितलीय," ते म्हणाले. "तेही झिजलेल्या नाण्यावर. हे पुस्तकात पहिल्या पानांत जाईल. कुणाचं आहे हे?"

आकारामने सुभेदारांकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं: साहेब, बोला, कपाट वाचलं! कपाट सुभेदारांचं, नाणं कपाटाखालचं, 'माझं' म्हणायला एक श्वास पुरला असता. बत्तीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य सर बोलले होते. सुभेदारांनी तो श्वास घेतलासुद्धा.

पण त्यांना सगळं आठवलं होतं. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. नवी नवरी ओटीतला तो पैसा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली होती. "तुमी गोळा करताय म्हनं. ह्यो माझ्या आईनं हळकुंड-सुपारीसंगं ओटीत घातलेला." आणि त्यांनी तो उलटासुलटा करून परत दिला होता. "ह्याच्यावर काय दिसतच न्हाई. नुसती घाण हाय." त्यानंतर तिने नाणी बघायला कधी मागितली नाहीत. का मागितली नाहीत, हे त्यांना या रविवारी कळलं.

"सर, ते ह्यांचं," सुभेदार म्हणाले. "आष्ट्याचं, ह्यांच्या माहेरचं. मी नाकारलेलं."

"नाकारलंत म्हणून वाचलं," सर म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, ते फक्त नोंद करत होते. त्यांनी वही उघडली. "बाई, पूर्ण नाव सांगा. संग्राहक म्हणून छापायचंय."

चंद्राबाईंनी पदर सारखा केला आणि पूर्ण नाव सांगितलं. सरांनी आणखी सांगितलं की, नाणं कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, त्याच खणात असू द्या, आणि घासायचं, पुसायचं तर सोडाच, उघड्या बोटांनी धरायचंही नाही.

सर गेल्यावर आकारामने हळूच मुद्दा काढला. "वैनी, तह आसा हुता की संग्रहातलं एक जरी नाणं..."

"संग्रहातलं न्हवं ते," चंद्राबाई म्हणाल्या. "कपाटाखालचं. माजं."

सुभेदारांनी मान हलवली. कायद्याने ते बरोबर होतं.

"पर कपाट ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला लागंल."

गुरुवारी घरघंटी आली आणि गोठ्याच्या पडवीत बसली. आकारामने तिथे नवं बटण जोडून दिलं. सुभेदारांची तीनशे अकरा नाणी डब्यात भरून खालच्या फळीवर गेली. राहिलेल्या एकाची कपाटाच्या मागच्या पायाखाली नेमणूक झाली. तेवढंच ते कामाला आलं. वरच्या फळीवर खणाची घडी एकटी होती आणि कपाटाची किल्ली चंद्राबाईंच्या कमरेला.

चार दिवस सुभेदारांनी दम धरला. पाचव्या दिवशी ते पडवीत गेले. चंद्राबाई ज्वारी दळत होत्या.

"जरा बघावं म्हनतोय," ते म्हणाले.

चंद्राबाईंनी घरघंटी बंद केली, हात पदराला पुसले, आत येऊन कपाट उघडलं. खणाची घडी अलगद उलगडली. सुभेदार वाकले, आणि त्यांचा उजवा हात नकळत पुढे आला.

"आवं!"

हात जागच्या जागी थांबला. चंद्राबाईंनी दारावरच्या पांढऱ्या अक्षरांकडे नुसतं बोट दाखवलं.

सुभेदार सरळ झाले. दोन्ही हात पाठीमागे घेतले, पाय एक फूट अंतरावर ठेवले, आणि बायकोच्या आईने दिलेला पैसा पहिल्यांदाच नीट बघितला.