कडुबाची बसलेली माणसं

कडुबानं कॉम्प्युटरची हार्ड डिस्क माझ्या फ्रीजमध्ये दह्याच्या भगुण्याशेजारी ठेवली आणि थोड्याच वेळात लाईट गेली.

मला तोवर यातलं काही माहीत नव्हतं. भोकरदनला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं दह्याताकाचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून कडुबाचा फोटो स्टुडिओ. मी ताक घुसळत होते. हा मागच्या दारानं आला, फ्रीज उघडला, लावला आणि गेला. मला वाटलं, पाणी प्यायला असेल. लाईट गेली तसा धावत आला आणि फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"मावशी, दार उघडू नका. आत माणसं हायेत."

माझ्या फ्रीजमध्ये दही, ताक, लोणी आणि माझ्या डोळ्यात घालायचे थेंब असतात. माणसं नसतात. मी त्याला बाजूला सारलं आणि दार उघडलं. भगुण्याला टेकून स्टीलचा डबा, डब्यात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत विटेच्या तुकड्याएवढी एक लोखंडी डबी. डबीला घाम सुटला होता. कडुबालाही सुटला होता.

मग त्यानं सांगितलं. डबी सकाळपासून टक्‌टक्‌ करत होती आणि कॉम्प्युटर तिला ओळखत नव्हता. मोबाईलवर कुणी एक जण सांगत होता की थंडीत ठेवली म्हणजे डबी परत चालते. मी विचारलं, त्या मोबाईलवाल्याच्या गावात लाईट जात नाही का? कडुबा बाहीनं डबीचा घाम पुसायला लागला.

आता हा कडुबा कोण ते सांगते. हा लग्नाची शूटिंग करतो. वय साठीकडे झुकलेलं. अंगात खिशाखिशांचं जाकीट. खिशात हात घातला की बॅटरीबरोबर दोन-चार अक्षताही निघतात, कुठल्या लग्नातल्या ते त्यालाच ठाऊक. बायको पुण्याला लेकीकडे नातू सांभाळायला गेली ती तिकडचीच झाली. हा इथे एकटा. दुपारी माझ्याकडे ताक पितो आणि भांडं विसळून ठेवतो. एवढा एक गुण त्याच्यात आहे.

बाकी त्याच्या शूटिंगला लोक शिव्या देतात आणि त्या बराबर आहेत. लग्नाची शूटिंग करायला बोलावतात आणि हा नवरा-नवरीकडे पाठ करून उभा राहतो. मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसलेली असतात ना, ज्यांना नाचता येत नाही, ज्यांच्याशी कुणी बोलत नाही आणि जेवायची पंगत बसली की ज्यांची आठवण होते, त्यांच्यासमोर हा कॅमेरा घेऊन उकिडवा बसतो.

"नाव सांगा, गाव सांगा. कॅमेऱ्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा."

म्हातारी माणसं एकदा सुरू झाली की थांबत नाहीत. कुणी नाव-गाव सांगून भाजीत मीठ कमी आहे हेही सांगतं. कुणी सुनेचं सांगायला लागतं आणि सून मागे उभी असते. आमच्याकडची लग्नं लवकर उरकतात. पंचशील झालं, हार घातले, की जेवायला बसा. तेवढ्यातही यानं माझ्या भाचीच्या लग्नात नवरीपेक्षा तिच्या आत्याला जास्त वेळ दिला होता. कुंभार पिंपळगावच्या एका लग्नात एक म्हातारे काका खुर्चीवर झोपले होते. हा त्यांच्या जागं होण्याची वाट बघत बसला आणि तिकडे सप्तपदी होऊन गेली. मुलीचा बाप भांडायला आला, आमच्या सप्तपदीचं काय म्हणून. कडुबा म्हणाला, "सप्तपदी काय, दर लग्नात असती. हे काका एकच हायेत."

शिवाय तो काही डिलीट करत नाही. एकदा कॅमेरा बंद करायचा राहिला आणि रस्ताभर त्याच्याच चपलेची शूटिंग झाली. तीही ठेवली आहे. मी म्हणाले, अरे, जागा भरत असेल ना. तर म्हणाला, "जागा भरली म्हणून माणूस काढून टाकायचा का?" मी म्हणाले, चप्पल आहे ती. म्हणाला, "आत पाय हाये ना."

पण यातून एक गोष्ट झाली आहे आणि ती खरी आहे म्हणून लिहिते. आमच्या भागात म्हातारं माणूस गेलं की घरच्यांच्या ध्यानात येतं, फोटो नाही. मग आधार कार्ड घेऊन बॅनरवाल्याकडे पळतात. आधारवर माणूस चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. बॅनरवाला म्हणतो, हे राहू द्या, कडुबाकडे जा. कडुबा नाव विचारतो, गाव विचारतो आणि कुठल्या तरी लग्नातून ते माणूस बरोबर काढून देतो, हसतानाचं. पुण्यानुमोदन असो की तेरवी, बॅनरवरचं गेलेलं माणूस हसत असलं आणि खांद्यामागे लाल खुर्चीची कड दिसत असली, की समजायचं, फोटो कडुबाचा आहे.

ही सगळी माणसं त्या डबीत होती. अजून जिवंत आहेत तीही आणि गेली तीही.

दुसरीकडे कॉपी आहे का, असं बॅनरवाल्यानं येऊन विचारलं. कडुबा म्हणाला, आहे, सगळ्याची दोन-दोनदा आहे. कुठे आहे? याच डबीत. एका कपाटाला दोन कुलपं लावून कपाटच नदीत सोडल्यासारखं हे काम. बॅनरवाला शिकलेला आहे, तो काही बोलला नाही. मी चौथीपर्यंत शिकले, मी बोलले.

बॅनरवाल्यानंच जालन्याच्या एका दुकानाचा पत्ता दिला. मला डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंच होतं, म्हणून मी बरोबर गेले. कुणासाठी म्हणून गेले नाही.

बसमध्ये जागा होती तरी कडुबा बसला नाही. डबी माझ्या जुन्या मफलरीत गुंडाळून छातीशी धरली आणि गुडघे वाकवून उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, काका, बसा ना. कडुबा म्हणाला, "बसलं की खड्ड्याचा झटका डबीला बसतो. उभं राह्यलं की पायात जिरतो." राजूर गेलं तरी हा तसाच, दर खड्ड्याला खाली-वर. बसमधली पोरं-बाळं त्याच्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

वाटेत त्याचा फोन सारखा वाजत होता. पिंपळगाव रेणुकाईचे एक बापू आहेत. त्यांच्या मुलीच्या लग्नाची शूटिंग यानं अजून दिलेली नव्हती. मुलीच्या सासरचे लोक ती बघायला येणार होते आणि बापू म्हणत होते की कॅसेट द्या, सीडी द्या, काय द्यायचं ते द्या, नाहीतर मी स्टुडिओत येऊन बसतो. ते लग्नही डबीतच होतं. कडुबाच्या लेकीचं लग्नही डबीतच होतं. मी त्याला म्हणाले, आधी बापूंचं काढून घे, नाहीतर ते तुला सोडायचे नाहीत. "बराबर हाये," तो म्हणाला, आणि गुडघे वाकवले.

जालन्याच्या दुकानात रुबीना नावाची पोरगी होती. तिनं डबी हातात घेतली, कानाजवळ धरली, नाकाजवळ नेली.

"चाचा, ही फ्रीजमध्ये कुणी ठेवली?"

कडुबानं माझ्याकडे बोट केलं. "फ्रीज यांचा हाये."

तिनं सांगितलं की थंडीतून काढली की आत पाणी धरतं आणि उरलेलीही जाते. बरं झालं लाईट गेली. डबी जास्त वेळ आत राहिली असती तर हातात काही आलं नसतं. पहिल्यांदाच कुणी आमच्या लाईटचं कौतुक केलेलं मी ऐकलं. डबी तिनं कोरडी होऊ दिली. मी तोवर डॉक्टरकडे जाऊन थेंब घेऊन आले. परत येते तर कडुबा तिथेच, तसाच उभा. आता काही खड्डे नव्हते. मी सांगितलं तेव्हा खुर्चीवर बसला.

रुबीनानं डबीला वायर लावली आणि दुसरी कोरी डबी शेजारी ठेवली. म्हणाली, आतली सुई दमलेली आहे. चालेल तोवर मी इकडचं तिकडं उतरवून घेते. कधी थांबेल ते सांगता येत नाही आणि एकदा थांबली की माझ्याकडून काही व्हायचं नाही.

"म्हणून सगळ्यात आधी काय पाहिजे ते सांगा, चाचा."

तेवढ्यात फोन वाजला. बापूच होते. कडुबानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मला वाटलं बापूंचं नाव घेईल. नाहीतर लेकीचं घेईल, घेतलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

"एक फोल्डर हाये," तो म्हणाला. "नाव हाये 'बसलेले'. आधी ते."

डबी टक्‌टक्‌ करायला लागली. रुबीना हात न लावता बघत होती. आम्हीही बघत होतो. टक्‌टक्‌ थांबायची, आम्ही तिघंही मान वर करायचो, परत सुरू व्हायची. बराच वेळ गेल्यावर रुबीना म्हणाली, चाचा, येऊन राह्यलंय. एक उघडून बघते, नीट आलंय का. आणि तिनं सगळ्यात वरचं, सगळ्यात जुनं होतं ते उघडलं.

मांडवाचा पांढरा पडदा. त्यावर एका माणसाची मोठी काळी सावली, हात वर केलेला. बाकी कुणी नाही. बँड वाजत होता. मी म्हणाले, हे खराब झालंय वाटतं. रुबीनालाही तसंच वाटलं.

कडुबा पुढे सरकला. "न्हाई, बराबर आलंय. मावशी, हे आमचे दादा."

त्याचे वडील त्याच्याबरोबर शूटिंगला यायचे, हे मला माहीत होतं. मोठा तापलेला लाईट हातात घेऊन नवरा-नवरीसमोर उभे राहायचे. घामानं भिजायचे. मी त्यांना ताक दिलेलं आहे. कडुबानं सांगितलं की त्यांना कितीदा म्हणालो, दादा, एकदा समोर या. ते म्हणायचे, मी समोर आलो तर लाईट कोण धरीन? मग ते गेले. घरात लाईट होता, कॅमेरा होता, सगळ्या तालुक्याची लग्नं होती. दादांचा फोटो नव्हता. बॅनरवर त्याला आधार कार्डच लावावं लागलं.

"आता बघा," तो म्हणाला. "हात दुखला की दादा हात बदलायचे."

आम्ही बघत राहिलो. पडद्यावरची सावली जरा हलली. वरचा हात खाली आला, दुसरा हात वर गेला.

"बदलला," कडुबा म्हणाला.

रुबीनानं ते पुन्हा एकदा लावलं. त्यानं सांगितलं नव्हतं.

मग बाकीची माणसं उतरत राहिली. नाव सांगत होती, गाव सांगत होती. झोपलेले काका आले, जागे झाले आणि जेवण झालं का म्हणाले. भाचीच्या लग्नातली मी आले, पदराआड दात कोरताना. मी म्हणाले, हे काढून टाक, मी काही एवढ्यात जात नाही.

"बराबर हाये, मावशी," कडुबा म्हणाला. "जल्दी न्हाई. ठेवून राह्यलो."

बसलेले जवळजवळ सगळे आले. लेकीचं लग्न आलं. बापूंच्या मुलीचं लग्न अंतरपाट खाली येईपर्यंत आलं आणि तिथे डबीनं एक लांब आवाज काढला आणि थांबली. रुबीनानं पुन्हा पुन्हा वायर लावून बघितली आणि शेवटी मफलर माझ्या हातात दिली.

बापू दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आले. खूप बोलले. ते बराबर होतं, मी मध्ये पडले नाही. अंतरपाटापुढचं लग्न पाहुण्यांच्या मोबाईलवरून गोळा करून जोडून देतो, असं कडुबानं कबूल केलं. मग त्यांना त्यांच्या आईची शूटिंग दाखवली. म्हातारी जिलेबी हातात धरून हसत होती, खांदे हलेपर्यंत. बापू स्क्रीनजवळ सरकले. म्हणाले, आई घरी अशी कधी हसत नाही. मी म्हणाले, घरी हसण्यासारखं काही होऊ द्या, मग हसेल.

ते गेल्यावर मी कडुबाला त्याच्याच स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा हातात घेतला. जड असतो. कुठलं बटण ते त्यानं सांगितलं.

"नाव सांग, गाव सांग," मी म्हणाले. "कॅमेऱ्याकडं बघू नको."

आयुष्यभर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारणारा माणूस. त्यानं जाकिटाचे खिसे चाचपले. एक अक्षत निघाली, ती परत ठेवली.

"कडुबा," तो म्हणाला. "भोकरदन."

नंतर आम्ही बघितलं. डोकं भुवयांच्या वर कापलं गेलं होतं. त्याचं बोट बटणाकडे गेलं. मी म्हणाले, डिलीट करायचं नाही. त्यानं बोट मागे घेतलं आणि ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवलं. एक कॉपी बॅनरवाल्याकडे आहे.

डबी त्या दिवशी जालन्यातच गेली. दादा कधीचेच गेले. बापूंची आई आहे, कडुबा आहे आणि मी आहे.