राणीसाहेबांना नोटीस

सोमवारी सकाळी अकरा वाजता सुरेखाताईंच्या टेबलावर एक लखोटा येऊन पडला, आणि तो उघडल्यावर त्यांना कळलं, की गेले आठ महिने आपण शासनाच्या परवानगीशिवाय राणी आहोत.

नोटीस दीड पानाची होती. आरोप तीन. एक, शासकीय सेवेत असताना त्यांनी ‘सातपाणी’ नामक परक्या राज्याचं सर्वोच्च पद स्वीकारलं. दोन, पती हयात असताना रणधवल नामक राजाशी विवाह केला. तीन, सदर पदाच्या बळावर पाणीवाटपाचे बेकायदा आदेश काढले. खुलासा तीन दिवसांत सादर करावा. खाली सांडूसाहेबांची सही, आणि सोबत जोडलेल्या तक्रारीवर आवक क्रमांकाचा जांभळा, टवटवीत शिक्का.

सुरेखाताईंनी नोटीस दोनदा वाचली. मग त्या उठल्या आणि तरातरा आवक-जावकच्या टेबलाकडे गेल्या. तिथं जमिला बसली होती. बावीस वर्षांची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी या पाणीपुरवठा कार्यालयात लागल्या होत्या आणि एकाच डब्यात जेवत आल्या होत्या.

“जमिला, हा शिक्का तुझ्या हातचा?”

“मग कुणाच्या हातचा राहील?”

“तक्रार वाचली होतीस?”

“वाचली ना. लई हसले. मग शिक्का मारला.”

“फाडून टाकता येत नव्हती व्हय?”

जमिलाने चष्मा कपाळावर सरकवला. “देख सुरेखा, मेरे कू मत बोल. कागद आला की शिक्का. उद्या माझ्या नवऱ्यानं माझ्याविरुद्ध अर्ज आणला तरी मी शिक्का मारीन, आणि मग घरी जाऊन त्याला बघून घेईन.”

हे खरं होतं. या कार्यालयात छत गळत असेल तर ते गळतंय असं कुणी मानत नसे. गळतीचा अर्ज आवक झाला, की मग ते गळू लागे. आता सातपाणीलाही आवक क्रमांक मिळाला होता. ते राज्य आता होतं.

तसं ते राज्य होतं फक्त मोबाइलमध्ये. लेक सोनिया नोकरीला पुण्याला गेली तेव्हा घर चिमणी उडालेल्या खोप्यासारखं झालं, म्हणून तिनंच जाताना आईच्या मोबाइलमध्ये हा खेळ टाकून दिला. खेळ असा, की प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं – कुणी कुंभार, कुणी चोर, कुणी पखालवाला – आणि तो माणूस काय बोलतो, काय करतो ते रोज लिहायचं. राज्य दुष्काळी. दीडशेवर माणसं, बहुतेक याच जिल्ह्यातली. सुरेखाताई आधी तिथं साधी पाणक्याची बायको होत्या. पण त्यांनी एकदा भांडण मिटवताना ओवी लिहिली, दौलताबादला आई द्वारकाबाईंच्या मांडीला मांडी लावून जात्यावर शिकलेल्या चालीवर, आणि माणसं वेडी झाली. महिन्याभरात सगळ्यांनी मतं टाकून त्यांना राणी केलं.

कार्यालयात बावीस वर्षांत त्यांना सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट करायला सांगितली होती: निरोप समारंभाचं सूत्रसंचालन. त्यांच्यामागून आलेले तिघे त्यांच्यापुढं अधीक्षक होऊन गेले. तिघांचेही हार त्यांनीच आणले होते. आता मात्र यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. पदोन्नतीची बैठक पुढच्या गुरुवारी. आणि ज्याची चौकशी चालू, त्याचं नाव त्या बैठकीत बंद पाकिटात जातं. असं पाकीट पुढं कधी उघडलेलं या कार्यालयात कुणी पाहिलं नव्हतं.

चूक झाली होती ती तीन आठवड्यांपूर्वी, दूध उतू जाताना. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात मोबाइल, अशा अवस्थेत त्यांनी राणीचं नवं फर्मान खेळाच्या ग्रुपवर टाकायचं ते कार्यालयाच्या ग्रुपवर टाकलं:

पहिलं माझं पाणी गं, शेवटल्या उंबऱ्याला
मग भरावी घागर, मानाच्या गं वाड्याला
– आज्ञेवरून, राणीसाहेब

चार मिनिटांत त्यांनी ते पुसलं. पण तेवढ्यात त्याच ग्रुपमधल्या, लासूर स्टेशनच्या पलीकडच्या एका गावच्या ग्रामसेवकानं ते पुढं ढकललं होतं. कार्यालयाकडून आलंय म्हणजे आदेशच, हल्ली जाहिराती अशाच पद्यात असतात, असं त्याला वाटलं. गावात पाणी सोडणाऱ्या माणसानं व्हॉल्व्ह फिरवला आणि गावाच्या टोकाच्या वस्तीला पाणी आधी सोडलं. सरपंच आप्पासाहेबांचं घर टाकीला लागून. त्यांच्या नळाला जन्मात पहिल्यांदा हवा आली, आणि तीही मुलाच्या साखरपुड्याच्या दिवशी, पन्नास पाहुणे हात धुवायला उभे असताना. व्हॉल्व्ह पुन्हा फिरवायला माणूस गेला तर टोकाच्या वस्तीच्या बाया घागरी घेऊन आडव्या बसल्या. “वरून आदेश हाय,” त्या म्हणाल्या. तो आदेश अजून चालू होता. म्हणून आप्पासाहेबांनी ही राणी कोण ते हुडकत खेळातलं सगळं छापून काढलं आणि ही तक्रार केली.

संध्याकाळी सुरेखाताईंनी नोटीस नवऱ्यापुढं आपटली. बन्सी वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर होते आणि कुठलाही कागद शेवटून वाचत. त्यांनी शेवटून वाचलं, वर आले, आणि दुसऱ्या आरोपावर थांबले.

“हा रणधवल करतो काय?”

“राजा हाय तो.”

“ते झालं. पण राहतो कुठं?”

“अहो, खेळ हाय! दोन राज्यांचा तह करायचा होता. त्यांच्याकडं विहिरी, आमच्याकडं बैल. लग्नाशिवाय तह होत नाय त्याच्यात.”

“आणि मला विचारायचं नाय?”

“तुम्ही कुठं विहिरी देणार होता!”

बन्सी रात्रभर रागावण्याचं ठरवून लवकर झोपले. सुरेखाताईंचा राग मात्र झोपणारा नव्हता. तो चुलीत पुरलेल्या गोवरीसारखा आतल्या आत धुमसत राहिला.

बुधवारी सुनावणी. सांडूसाहेब हे चौकशी अधिकारी. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी आयुष्यात स्वतःहून एकच निर्णय घेतला होता, टेबल खिडकीजवळ हलवण्याचा, आणि त्याचाही त्यांना पस्तावा होत असे. पुढं फायलीत ओव्यांच्या छापील प्रती. प्रत्येकीवर ‘खरी नक्कल’ असं लिहिलेलं.

“आरोप क्रमांक दोनपासून घेऊ,” साहेब खाकरून म्हणाले. “सदर रणधवल यांना समक्ष हजर करता येईल का?”

“बाहेर बसल्यात.”

“बसल्यात?”

दार ढकलून पासष्टीच्या एक बाई आत आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, कपाळावर आडवं कुंकू. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं आलेल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या गोजरबाई.

“म्याच तो राजा,” त्या म्हणाल्या आणि न विचारता खुर्चीत बसल्या. “काय ते बोला पटकन. अकराची गाडी हुकली तर दोनपर्यंत नाय.”

सांडूसाहेबांनी फायलीतलं चित्र वर धरलं. चित्रातल्या रणधवलला कानापर्यंत मिशा होत्या.

“ह्या मिशा...”

“माझ्या नातीनं काढून दिल्या. राजाला नको व्हय मिशा?”

“पण मग हा विवाह...”

“सायेब, चाळीस वर्सं लोकांची लेकरं सांभाळली. एकानं विचारलं नाय, गोजरे, तुला काय व्हायचंय म्हणून. ह्या बाईनं विचारलं. म्या म्हणलं, राजा. बस.” त्या सुरेखाताईंकडे वळल्या. “तू घाबरू नको गं राणी. माझी फौज हाय.”

“फौजेचा उल्लेख इतिवृत्तात घेऊ नका,” साहेब घाईनं कारकुनाला म्हणाले.

आरोप क्रमांक दोन वगळण्यात आला. तिसऱ्याबद्दल ग्रामसेवकानं वाचायची घाई केली असं ठरलं. राहिला पहिला. आणि तिथं सांडूसाहेब खडकासारखे बसले.

“पद तर तुम्ही भूषवताच. राजीनामा द्या, विषय संपला.”

“देते. आत्ता.”

“तसं नाही. सक्षम अधिकाऱ्यानं मंजूर केलेला पाहिजे. तिथं राजीनामा कोण मंजूर करतं?”

“राणी.”

“म्हणजे तुम्हीच. स्वतःचा राजीनामा स्वतःला मंजूर करता येत नाही. नियम आहे.”

“मग मी करू काय, साहेब?”

“तेच तर. चौकशी चालू ठेवावी लागेल.” आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे उच्चारलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. “बरं, शनिवारी कुलकर्ण्यांचा निरोप समारंभ आहे. सूत्रसंचालन तुम्हीच बघा.”

सुरेखाताईंच्या कानशिलावरची शीर तुणतुण्याच्या तारेसारखी ताठ झाली. त्या बाहेर आल्या. गोजरबाईंना रिक्षात बसवून दिलं. क्रांती चौकातल्या गर्दीत, एका उसाच्या रसाच्या गाडीशेजारी, उभ्या उभ्या त्यांनी मोबाइल काढला. या खेपेला ग्रुपचं नाव तीनदा तपासलं.

दुसरं माझं फर्मान, रयतेनं गं ऐकावं
आपल्या गावचं पाणी, कागदावर लिहावं

खाली कार्यालयाचा पत्ता दिला. सोंग नको, खरं नाव घाला, खरं गाव घाला, एवढंच पुढं लिहिलं.

शुक्रवारी एकोणीस अर्ज आले. सोमवारी चौसष्ट. खेळातल्या चोरानं पैठणहून लिहिलं होतं, की हातपंप दीड वर्ष मुका आहे. कुंभारानं सिल्लोडहून लिहिलं, की टँकर येतो पण नळी तुटकी, अर्धं पाणी रस्ता पितो. रस्त्यानं एवढं पाणी पिऊन काय पिकवलं, असंही विचारलं होतं. पखालवाला खरा दहावीचा मास्तर निघाला. त्यानं फोटो जोडले होते. मंगळवारी दुपारपर्यंत आकडा एकशे बेचाळीसवर गेला, आणि जमिलाच्या शिक्क्याचं रबर फाटलं.

“प्रत्येकाला लेखी उत्तर द्यावं लागतंय, सायेब,” तिनं ढिगाऱ्यामागून सांगितलं. “मुदतीत. नाय दिलं तर वरून विचारणा.”

“घेऊ नका ना मग!”

“कागद आला की शिक्का, सायेब.”

सांडूसाहेब दोन तास खिडकीतून बाहेर बघत बसले. मग त्यांनी आयुष्यातला दुसरा निर्णय घेतला. चार वाजता जमिला एक पत्र फडकवत सुरेखाताईंच्या टेबलाशी आली. तोंडावर पदर दाबून.

“जावक क्रमांक दिला मी. पत्ता काय टाकू तेवढं सांग.”

पत्र असं होतं: ‘प्रति, माननीय राणीसाहेब, सातपाणी राज्य. विषय: आपल्या प्रजेकडून या कार्यालयास होणारा पत्रव्यवहार थांबविण्याबाबत.’ खाली सांडूसाहेबांची पूर्ण सही आणि गोल मोहोर.

सुरेखाताईंनी ते पत्र तान्ह्या लेकरासारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, परक्या राज्याशी पत्रव्यवहार केलात. शासनाची पूर्वपरवानगी होती?”

साहेब हसायला गेले आणि मध्येच थांबले.

“म्हणजे... अहो, तुम्ही त्यांना सांगाल म्हणून...”

“सही तुमची. मोहोर तुमची. जावक क्रमांक पडलाय. आता राज्य खरं असेल, तर तुम्ही माझ्याच नोटिशीत बसता. सरकून जागा करून देते.”

“सुरेखाताई, असं काय करता? ते राज्य खरं आहे कुठं?”

सुरेखाताईंनी टेबलावरचा कोरा कागद उचलून त्यांच्यापुढं ठेवला. पेनाचं टोपणही काढून दिलं.

“हेच लिहून द्या.”

बाहेर जमिलाच्या टेबलावरून धप्प धप्प आवाज येत होता. नवा शिक्का आला होता. साहेबांनी तो आवाज थोडा वेळ ऐकला आणि लिहिलं. ‘सातपाणी नामक कोणतेही राज्य अस्तित्वात नसल्याने सदर पद भूषविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. चौकशी बंद करण्यात येत आहे.’

“आता त्या रयतेला थांबवा, माझी आई,” ते म्हणाले.

“कुठली रयत, साहेब?” सुरेखाताई म्हणाल्या. “राज्यच नाय.”

गुरुवारी बैठक झाली. शुक्रवारी ऑर्डर निघाली. सुरेखाताई अधीक्षक झाल्या, आणि घरी बन्सींनी अकरा दिवसांचा अबोला सोडून पेढे आणले, पहिला पेढा हातावर ठेवताना म्हणाले, “राजालापण एक पाठव.”

सोमवारी नव्या खुर्चीत बसायला त्या गेल्या, तर टेबल दिसेना. टेबलावर कागदांचा डोंगर होता. वर सांडूसाहेबांची चिठ्ठी: ‘नव्या अधीक्षकांनी सर्व अर्जांवर स्वतः, मुदतीत, कार्यवाही करावी.’

त्या भडकल्या. उभ्या उभ्या साहेबांना, कार्यालयाला, बावीस वर्षांना आणि थोडं स्वतःलाही बोलून घेतलं. मग दम लागला तेव्हा खाली बसल्या. हे अर्ज मागवले कुणी? राणीनं. उत्तर कोण देणार? तीच.

“क्रमांकानं लावलेत बघ,” जमिला म्हणाली. “एक ते एकशे त्रेचाळीस.”

“बेचाळीस होते ना?”

“एक मघाशी आला. माणूस स्वतः घेऊन आला होता. लई पडला चेहरा त्याचा.”

सुरेखाताईंनी वरचा, एक नंबरचा अर्ज उचलला. हात तसाच थांबला. पहिलं माझं पाणी गं, शेवटल्या उंबऱ्याला. स्वतःचेच शब्द, स्वतःच्याच चालीवर, कानात जात्यासारखे फिरले. बाई जात्यावर बसून खोटं बोलत नाही, असं आई सांगायची. त्यांनी दात-ओठ खाल्ले, एक नंबर खाली ठेवला, आणि ढिगाऱ्याच्या तळातून अगदी शेवटचा कागद ओढून काढला.

‘महोदया, एक महिन्यापासून आमच्या नळाला पाणी नाही. गावात कोणी ऐकत नाही. कृपा व्हावी.’

खाली सही होती: आप्पासाहेब, सरपंच.

“जमिला,” सुरेखाताई ओरडल्या, “चहा आण! आणि कडक सांग!”

मग त्यांनी पेन उघडलं.