आजोबांचा रिपोर्ट स्पष्ट नाही

पहिली चाचणी : शंकास्पद.

रक्तदानानंतर आलेल्या रक्तपेढीच्या पत्रात काविळीबद्दल एवढंच असतं, तर चष्मेवाले आजोबा निदान नीट घाबरले तरी असते. पण खाली होतं, 'दुसरी चाचणी : दोष आढळला नाही.' आणि त्याखाली, 'तूर्त रक्तदान करू नये. येऊन भेटावे.'

जन्मभर चष्म्याच्या दुकानात त्यांनी गिऱ्हाइकांना विचारलं होतं, "हे स्पष्ट, की हे?" आता एकेक भिंग लावून त्यांनी ते पत्र वाचलं. अक्षरं मोठी झाली. अर्थ होता तेवढाच राहिला.

"म्हणजे तुम्हाला कावीळ आहे," आजी म्हणाल्या.

"दुसरी चाचणी नाही म्हणते."

"मग पहिली उगाच बोलली?"

उद्या लेक दवाखान्यातून तान्ह्या नातीला घेऊन येणार होती. टोचू नये म्हणून आजोबांनी मिशीसुद्धा काढली होती.

"नातीला हात लावायचा नाही," आजींनी निकाल दिला.

मग त्यांनी आजोबांचा कप धुतला, कपाखालचं टेबल धुतलं, टेबलाजवळची खुर्ची धुतली, खुर्चीतले आजोबा वेळीच उठले म्हणून वाचले, मग जिथे उठून उभे राहिले ती फरशी धुतली.

दुसरी चाचणी : रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाई.

"पहिली चाचणी मुद्दामच घाबरट ठेवलेली असते. मांजर हललं तरी चोर म्हणून ओरडते. दुसरी उठून दिवा लावून बघते."

"म्हणजे चोर नाही?" आजोबांनी विचारलं.

"बहुधा नाही."

"बहुधा?" आजींनी डोळे बारीक केले.

"म्हणून तर काही महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर रक्तदान नको."

"आणि नात?" आजोबांचा हात नसलेल्या मिशीवर गेला.

"खुशाल घ्या मांडीवर. ही रक्तातून पसरणारी कावीळ. असती, तरी मांडीवर घेतल्याने लागत नाही."

आजी शिंकल्या. पुन्हा शिंकल्या.

"हे कधीपासून?"

"कालपासून. ह्यांच्यापायी अख्खं घर धुतलं ना!"

"मग बाळापासून तुम्ही लांब राहा, आजी."

निष्कर्ष :

संध्याकाळी नात आजोबांच्या हातात. आजी दाराबाहेर, तोंडाला रुमाल.

"अहो, नाक कुणावर गेलंय? दाखवा तरी!"

आजोबांनी नातीचा चेहरा अलगद दाराकडे वळवला. "हे स्पष्ट?" एक पाऊल मागे. "की हे?"

"चेष्टा पुरे! पुढे या आधी, पुढे—"

आणि आजी शिंकल्या.

आजोबा आणखी एक पाऊल मागे सरले.

"की हे?"