इंजिनाला भस्म लावणारे मन्मथअप्पा

मन्मथअप्पा सकाळी अंघोळ करून आले की आधी इंजिनाला भस्म लावत आणि मग स्वतःला. बोटांवर जे उरेल ते कपाळावर. कधीकधी सगळं इंजिनालाच लागायचं आणि अप्पा कोऱ्या कपाळाने परळीच्या बाजारात हिंडायचे. गळ्यात लिंग आणि कपाळ मोकळं, असा लिंगायत माणूस दिसला की ओळखीतलं कोणीतरी अडवून विचारायचं, अप्पा, कपाळ कावून मोकळं? अप्पा शांतपणे सांगायचे, "तिला ज्यादा गरज व्हती."

ती म्हणजे आमची डिझेलची लॉरी. कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, ज्याला सगळे जीन म्हणत, तो तेलगावात आमच्या शेठजींचा होता. निजामाचं राज्य, बाहेर लढाई चाललेली. मुलखात बैलगाड्या उदंड, लॉऱ्या मोजक्या, आणि डिझेलवर चालणारी तर हीच. हैदराबादच्या कोण्या ठेकेदाराने तिचा पुरता जीव काढून मग ती शेठजींच्या गळ्यात बांधली होती. मी तिचा डायव्हर, अप्पा तिचे मिस्त्री. इंजिनाच्या पोटात आम्ही जेवढं तेल ओतायचो तेवढं ती रस्त्यावर सांडायची. आमच्या मागून येणाऱ्याला वाट विचारावी लागत नसे.

अप्पांचं भस्म भक्तीपोटी नव्हतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले. गळती शोधायची त्यांची ती रीत होती. इंजिन रॉकेलने धुवायचं, फडक्याने कोरडं करायचं, वरून भस्माची भुकटी भुरभुरायची, आणि एक पान चघळून होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. जिथून तेल निघतं तिथलं भस्म आधी काळं पडतं. "गळतं तिथं दिसत न्हाई, दिसतं तिथं गळत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते खरंही होतं. तेल वर कुठेतरी सुटायचं, वाऱ्याने मागे ओढलं जायचं आणि भलत्याच जागी थेंब धरून लोंबायचं.

गळतीच्या त्यांनी तीन जाती केल्या होत्या: घाम, पाझर आणि धार. घामाला घाबरायचं नाही, कष्टाच्या जिवाला तो येणारच. पाझराशी गोडीने बोलायचं. धार लागली तर गाडी उभी करायची आणि आधी डायव्हरला शिव्या द्यायच्या. सरकारी करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, भस्माने माखलेलं इंजिन पाहून जमादाराने एकदा विचारलं, "क्या अप्पा, इंजन को बुखार आया क्या?" अप्पा म्हणाले, "बुखार न्हाई साब, पसीना."

अप्पा नम्र वगैरे अजिबात नव्हते. रोज सकाळी ते जाहीर करायचे, "आज बिमारी गावली." रोज संध्याकाळी बिमारी दुसरीकडेच निघायची. पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. कालचं निदान कालच्या इंजिनाचं होतं, असं ते म्हणत. दोन लोखंडांच्या मध्ये बसवायचं पाकिंग ते मिळेल त्या वस्तूतून कापायचे. एकदा शेठजींचा एक जोडा आठवडाभर सापडेना. शेवटी अप्पांनी इंजिनाकडे बोट दाखवून सांगितलं, शेठजी, कातडं लई इमानदार निघालं, एक थेंब बाहीर येऊ देईना. शेठजी अनवाणीच गादीवर जाऊन बसले.

पण शेठजींच्याही सोसण्याला मर्यादा होती. लढाईमुळे इंजिनाचं तेल मिळेनासं झालं. एक दिवस जीनच्या फरशीवरच्या काळ्या डागात त्यांचं धोतर भरलं आणि त्यांनी निर्वाणीचं सांगितलं: सोमवारपर्यंत गळती थांबली पाहिजे. त्यानंतर या फरशीवर एक डाग जरी दिसला, तर लॉरी भंगारात आणि अप्पा घरी. मी पाहिलं, अप्पांचा चेहरा उतरला. ते मला हळूच म्हणाले, "मग धर्मापुरीची खेप कोण करंल बे?" नोकरी जाते आहे आणि या माणसाला खेपेची चिंता, याचं मला तेव्हा हसू आलं.

सोमवारी त्यांनी लॉरी जीनच्या दारात उभी केली, इंजिन धुतलं, वर कधी नव्हे इतकं भस्म टाकलं आणि मला लक्ष ठेवायला सांगून ते पान आणायला गेले. नेमक्या त्याच वेळी महादेवाचं दर्शन घेऊन बाया परतत होत्या. झाकण उघडलेलं, अंगभर भस्म, आतून अखंड घुमणारा आवाज; एका म्हातारीने हात जोडले, चिमूटभर भस्म उचललं आणि नातवाच्या कपाळाला लावलं. मग दुसरीने. मग हमाल आले. पाहता पाहता रांग लागली आणि कोणीतरी चाकावरच्या पत्र्यावर नारळ ठेवला. अडवायला हवं होतं, पण देवाचं नाव घेणाऱ्या माणसांना डायव्हरने काय म्हणून अडवायचं?

अप्पा आले तेव्हा इंजिन लख्ख पुसलेलं होतं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. अप्पांनी इंजिनाकडे पाहिलं, मग रांगेकडे. आणि मग ते एकेका माणसासमोर उभे राहून कपाळ निरखू लागले. बहुतेकांची कपाळं पांढरी कोरडी होती. काहींची जराशी ओली. सगळ्यात शेवटी त्या पहिल्या म्हातारीचा नातू सापडला. त्याच्या कपाळावर काळाकुट्ट, तेलकट टिळा.

"मावशी, ह्यो अंगारा कुठून उचलला?"

म्हातारीने वरची वाकडी नळी दाखवली. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडायची ती नळी. अप्पांनी तिच्यात तार घातली, आणि आतून निघाला जीनमधल्या कापसाचा गच्च, तेलाने माखलेला बोळा. इंजिनाचा श्वासच कोंडला होता. पोटात दाब धरला की ते सापडेल त्या सांध्यातून तेल बाहेर फेकायचं. अप्पांनी तो बोळा शेठजींच्या हातात ठेवला आणि सांगितलं, बिमारी तुमच्याच कारखान्याची हाय.

गळती थांबली. फक्त एक थेंब राहिला. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या बुडाला तेल काढून टाकायचा बोल्ट असतो, तिथून तो सुटायचा. नवल म्हणजे तो तेलगावच्या फरशीवर कधी पडत नसे. परळीला कापसाच्या गाठी रेल्वेत चढवून, उरलेली सरकी घेऊन आम्ही धर्मापुरीच्या पुढच्या तेलगिरणीकडे निघालो की तो सुरू व्हायचा. मग धर्मापुरीच्या लिंबाखाली लॉरी थांबायची, कारण इंजिन निवल्याशिवाय तेलाची खरी पातळी कळत नाही, असं अप्पांचं शास्त्र होतं.

लिंबासमोर त्यांच्या लेकीचं, गौराचं घर होतं. बिनआईची एकुलती एक लेक. पण अप्पा त्या घराची पायरी कधी चढत नसत. तिच्या सासूचं मत होतं की सारखा येणारा बाप लेक बघायला येत नाही, खोड काढायला येतो. शिवाय लेकीच्या पोटी लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. तेव्हा गौरा घागर घेऊन बाहेर यायची ती लॉरीसाठी. इंजिनाला कुठली आली रीतभात? ती रेडिएटरमध्ये पाणी ओतायची आणि अप्पा तिच्याकडे न बघता, पाण्याच्या धारेकडे बघत बोलायचे. बरं हाय न्हवं? बरंय अप्पा. सासू? त्या बी बऱ्या. मग ती विचारायची, "अजून गळतंय का?" अप्पा म्हणायचे, "गळतंय की." घागर रिकामी व्हायची, आणि अप्पा तसेच तहानलेले गाडीत चढायचे.

आता माझं सांगतो. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. मला मिस्त्री व्हायचं होतं. अप्पांना न सापडणारी गळती मी बंद केली, हे मला शेठजींना सांगायचं होतं. एकदा परळीला अप्पा वैजनाथाच्या दर्शनाला गेले, तसा मी लॉरीखाली शिरलो. बोल्ट जरासा ढिला होता आणि त्याखालचं तांब्याचं वायसर, तेल अडवणारी चकती, नव्हतं. वायसर मला अप्पांच्याच पेटीत सापडलं, स्वच्छ पुसून फडक्यात गुंडाळलेलं. विसरलेली वस्तू कोणी अशी ठेवत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं बोलायचं तर थोडं कळलंही होतं. तरी मी ते बसवलं आणि बोल्ट ताकद लावून आवळला.

धर्मापुरीजवळ अप्पा म्हणाले, थांब. मी हसत म्हणालो, कशाला अप्पा, कोरडी ठणठणीत आहे, मी बंद केलंय. आणि वेग वाढवला. लिंबाखाली गौरा कमरेवर घागर घेऊन उभी होती. आवाज ऐकून ती एक पाऊल पुढे आली. आमची धूळ तिच्या अंगावर गेली.

तेलगिरणीवर सरकी उतरवून झाल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "तिनं घागर भरून ठिवली व्हती बे."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. माफ करा, हे दोन शब्द मला तेव्हा जमले नाहीत, नंतरही नाहीत. परतताना, अप्पांनी सांगितलं नसताना, मी लिंबाखाली लॉरी उभी केली.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"गळतंय अप्पा."

अप्पांनी खाली उतरून झाकण उघडलं, भस्माचा गोळा काढला आणि कोरड्या, बंद इंजिनावर सगळीकडे भुकटी भुरभुरली. बोटांवर उरलं होतं ते माझ्या कपाळाला लावलं. गौरा घागर घेऊन आली. रेडिएटर काठोकाठ होता; तिने ओतलेलं सगळं पाणी खाली रस्त्यावर सांडलं. ती सावकाश ओतत राहिली.

"अजून गळतंय का?" तिने विचारलं.

अप्पांनी त्या पांढऱ्याशुभ्र इंजिनाकडे नीट, चहूबाजूंनी पाहिलं.

"गळतंय की," ते म्हणाले. "पुढच्या खेपंला बी थांबावं लागंल."