सत्तरपैकी

आमच्या शेजारचे मुरलीकाका मारी बिस्किट कडेला दोन बोटांत धरतात, उजेडात तिरपं करतात आणि मगच चहात बुडवतात. "ठसा मधे कच्चा उठलाय. अठ्ठावन्न." हे सत्तरपैकी. सोन्याच्या नाण्यांची प्रत जगभर सत्तरात ठरवतात म्हणे. शंभराने काय घोडं मारलं होतं, हे काकांनाही ठाऊक नाही.

पोफळीच्या वीजघरातून निवृत्त होऊन रत्नागिरीत आल्यापासून ते नाणेतज्ज्ञ आहेत. सोन्याचं नाणं मात्र एकच: भावाने दुबईहून आणलेली गिन्नी. तिच्यावर एक घोडेस्वार भल्यामोठ्या सरड्याला मारतोय. व्याख्यान टांकसाळ स्वतःची असल्यासारखं. "शेपटीचे केस बघा! साचा नवा असताना पूर्ण दाबाखाली पाडलंय." गिन्नी प्लास्टिकच्या डबीत, पाहुण्यांनी हात मागे बांधून बघायची. मी एकदा बोट पुढे केलं, तर ओरडले, "ओ मास्तर! बोट लागलं की पासष्टाची साठ होते!"

"मला कधी भिंगातून बघितलं नाहीत," आतून सुशीलाकाकू म्हणाल्या.

"तुझी कड अजून शाबूत आहे गो!"

काकूंना काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता. या पावसाळ्यात दुसऱ्याला नुसता उजेड-अंधार कळायचा. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोलणं सगळं गिन्नीचं. ती मुंबईला तज्ज्ञाकडे द्यायची, म्हणजे पासष्टाचा आकडा घालून कायमची सीलबंद होऊन येईल. अखेर तिकिटं काढली. सोबतीला मी.

ठरल्या सकाळी रिक्षा घेऊन गेलो, तर काका पडवीत बनियनवर बसलेले. डबी उघडी. गिन्नी काकूंच्या तळहातावर, आणि काकू तिच्यावरून अंगठा फिरवतायत.

"हा घोडा. हे काय, शेपूट?"

"पाय तो. शेपूट मागे. दाब जरा."

"अगोबाई, आणि हा मेला सरडा!" काकू हसल्या. "एवढ्या वर्षांत आज बघितला."

मला राहवलं नाही. "काका, अहो, पासष्ट गेले!"

"जाऊ देत."

"आणि रोज असा अंगठा फिरवला तर घोडा झिजेल."

काकांनी काकूंचा अंगठा धरून हळूच शेपटीवर नेऊन ठेवला.

"झिजू दे. ठसा चांगला उठलाय, मास्तर. आम्हा दोघांना पुरेल."