नेम पायांत असतो

आयुष्यात मी एकदाच पैकीच्या पैकी गुण मिळवले, आणि तेही दुसऱ्याच्या कार्डावर.

गंगापूर रोडच्या पार पुढच्या टोकाला, जिथे बंगले संपतात आणि द्राक्षांचे मांडव दिसायला लागतात, तिथे आमचा नेमबाजीचा क्लब आहे. त्या क्लबातला माझा पहिला दिवस. हातात छर्र्याचं पिस्तूल, समोर दहा मीटरवर दोरीला टांगलेलं कार्ड आणि कार्डाच्या मधोमध काळं वर्तुळ. मी एक डोळा मिटला, जीभ दातांत धरली आणि चाप ओढला. काळ्याच्या बरोब्बर मध्यभागी भोक! "लागला गं बाई!" असं किंचाळून मी पिस्तुलासकट गर्रकन मागे वळले आणि नाचायला लागले.

मागे बाकांवर बसलेले सगळे सभासद एका क्षणात जमिनीवर आडवे. एक द्राक्ष बागायतदार तर बाकाखाली शिरले आणि पोटामुळे अडकले. त्यांना नंतर दोघांनी पाय धरून ओढून काढलं. पिस्तुलात एकच छर्रा मावतो आणि तो कधीच उडून गेला आहे, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. पण माझा अवतार बघून कुणी धोका पत्करायला तयार नव्हतं.

एकच माणूस उभा राहिला होता. उंच, काटकुळा, पांढरा लेंगा-सदरा. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, पिस्तुलाकडेही नाही. तो माझ्या पायांकडे बघत होता.

"बाई, श्वास सोडा," तो म्हणाला. "सोडला? आता पिस्तूल मेजावर ठेवा. ठेवलं? आता नाचा."

मी कसली नाचते!

"दहापैकी दहा आहेत," तो पुढे म्हणाला, "पण कार्ड माझं आहे. तुमचं कार्ड ते बाजूचं, त्याला कुणी धक्काही लावलेला नाही. तुमचा उजवा पाय माझ्याकडे वळला होता. नेम डोळ्यांत नसतो, पायांत असतो."

हे आमचे बागूल अण्णा. क्लबाचे संस्थापक, चिटणीस, झाडूवाले आणि दहशत. मी तेव्हा जेमतेम एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता. आता सत्तरी ओलांडली. अजून वाट बघते आहे.

तुम्ही विचाराल, एकसष्टाव्या वर्षी ही बाई तिथे गेलीच कशाला? तर पाणी प्यायला. भर एप्रिलात मी त्या बाजूला मळ्यातून ताजी मेथी आणायला गेले होते. घसा कोरडा पडला, समोर एक फाटक दिसलं, आत माठ दिसला आणि फाटकावर पाटी दिसली: 'फक्त सभासदांसाठी'. आता अशी पाटी वाचून मुकाट्याने परत फिरणारी बाई माझ्या माहेरात जन्मलेली नाही. मी आत शिरून विचारलं, "सभासद कसं व्हायचं?" आत कसला क्लब आहे, पत्त्यांचा की पोहण्याचा, हे मी विचारलंच नाही. ते पिस्तूल हातात आल्यावर कळलं.

सभासद करून घ्यायची अण्णांची रीत वेगळी. ते शिक्षण विचारत नाहीत, ओळख विचारत नाहीत. स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरून तुमच्या हातात देतात आणि हात सरळ खांद्याच्या रेषेत ताठ करायला लावतात. मग समोर खुर्ची टाकून निवांत गप्पा मारतात. गाव कोणतं, कांदा यंदा कसा आहे, सुनेशी पटतं का. पाणी सांडलं की मुलाखत संपली. भल्याभल्यांचे पेले सुनेच्या प्रश्नाला डचमळतात.

माझी मुलाखत मात्र पहिल्याच प्रश्नाला संपली. "माहेर कुठलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नामपूर." अण्णा पण बागलाणातलेच, नामपूरच्या बाजारात त्यांचा कांद्याचा व्यापार होता. ते एकदम खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मंग पयलेच सांगाले काय व्हयनं?" मी अहिराणीत उलट तोफ डागली, "तू इचारं का मले?" आणि पेल्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. तहान लागली होती हो! अण्णा म्हणाले की हात हलला नाही, पाणी सांडलं नाही, पोटात गेलेलं नियमात बसतं.

ही अहिराणी अण्णा एरवी बोलत नाहीत. क्लबात शुद्ध, तोलून-मापून मराठी. फक्त राग आला की ती उसळते. कुणी छर्रे जमिनीवर सांडले, की "हाई काय शे?" अशी गर्जना होते. बाकीचे सभासद चिडीचूप. मी एकटीच मागून ओरडते, "चूप बठ ना भो, उचली ऱ्हायना ना तो!" मग आमची जुंपते. क्लबातली मंडळी चहा घेऊन बघायला बसतात. त्यांना शब्द कळत नाहीत, पण मजा कळते. अशा भांडणानंतर अण्णा दिवसभर खुशीत असतात. त्यांच्या घरी ही भाषा बोलणाऱ्या त्यांच्या मंडळी होत्या, त्या गेल्या. मुलगी हैदराबादला. नातवंडं फोनवर इंग्रजीत बोलतात आणि अण्णा प्रत्येक वाक्याला "यस यस" म्हणतात.

आमचा क्लब म्हणजे एकेकाळची कांदाचाळ. लांबलचक, अरुंद, नेमबाजीसाठीच बांधल्यासारखी. अण्णांनी भिंतींच्या पट्ट्यांमधल्या फटी बंद केल्या, वरून पत्रे बदलले, पण उन्हाळ्यात वास येतोच. नवा सभासद पहिल्या दिवशी डोळे पुसत नेम धरतो. "वास बिस काही नाही, तुमचं मन हळवं आहे," असं अण्णा त्याला सांगतात. मोबाइल फाटकापाशी कांद्याच्या पाटीत टाकायचे. नेम धरण्याआधी आपली जागा आपण झाडायची. एका बड्या इंजिनिअरने "झाडायला माणूस नाही का?" असं विचारलं, तर अण्णांनी त्यांच्याच हातात झाडू देऊन सांगितलं, "आहे ना. हा काय."

आणि ते पाय! अण्णा माणसाला पायांवरून ओळखतात. "या, आज नवी चप्पल. डावा अंगठा चावतोय ना?" असं स्वागत होतं. दुसऱ्याच्या कार्डावर छर्रा मारण्याला आमच्या क्लबात 'शेजारधर्म' म्हणतात. माझ्या पहिल्या पराक्रमानंतर ते नाव पडलं. शेजारधर्म कोण पाळणार हे अण्णा चाप ओढायच्या आधी सांगतात, नुसते पाय बघून.

आता नियमाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दसऱ्याला आमच्याकडे पिस्तुलांची पूजा होते, त्यांना झेंडूच्या माळा पडतात, आणि मग वार्षिक परीक्षा. प्रत्येकाचे दहा छर्रे, शंभर गुण. सत्तरच्या खाली गेला तो वर्षभर बाहेर. फाटकावरची पाटी वाचत उभा. नियम अण्णांचा, आणि त्याला अपवाद नाही. स्वतःच्या साडूला अण्णांनी अडुसष्ट गुणांवर बाहेर काढलं होतं. साडू अजून बोलत नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा जवळ आला होता आणि मी भाजीवाल्यासमोर केळीच्या सालीवर घसरून मनगट मुरगाळून घेतलं होतं. पट्टा निघाला होता, सराव सुरू होता, थोडं दुखायचं एवढंच. एके दिवशी पावलाला फोड आला म्हणून मी माझी सून स्वप्ना हिची सँडल घालून क्लबात गेले. स्वप्ना मला न्यायला अधूनमधून येते, तिला अण्णा ओळखतात. मी दारातून आत येते तोच अण्णा समोर आले, माझ्या पायांकडे बघितलं, मग मान वर करून थेट माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "ये स्वप्ना. सासूबाई नाही आल्या?"

मला वाटलं, थट्टा करतात. मी काही बोलले नाही; मी गप्प बसण्याचे प्रसंग घरात साजरे करतात, पण बसले.

"मनगट कसं आहे गं त्यांचं?" अण्णा आवाज उतरवून म्हणाले. "त्यांना सांगू नकोस मी विचारलं म्हणून. तोंडाळ आहे तुझी सासू, पण हात चांगला. परीक्षेत टिकायला पाहिजे."

माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून ते मला माझ्याबद्दल सांगत होते. मी मान हलवली आणि बाहेर पळाले. हसू येत होतं ते फाटकापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. या माणसाला माझं तोंड दिसलेलं नाही.

मग मी लक्ष ठेवलं. अण्णांना कडेचं दिसायचं, समोरचं नाही. बघायच्या वस्तूकडे ते मान जराशी तिरपी करून बघायचे. नजरेच्या मध्यावरच काळोख. म्हणून पाय दिसत होते, चेहरे नाहीत. आणि दहा मीटरवरचं काळं वर्तुळ तर अजिबातच नाही. कार्डाचा पांढरा चौकोन कुठे आहे एवढं कळायचं, पुढचं सगळं सवयीवर. सरावात त्यांची भोकं कार्डभर पसरलेली असायची आणि ते कार्ड कुणी बघायच्या आत घडी करून खिशात घालायचे.

"मानद अध्यक्ष व्हा ना अण्णा, परीक्षेची भानगडच नको," असं आमच्या डॉक्टर कापडण्यांनी एकदा सहज सुचवलं होतं. हे दातांचे डॉक्टर. परीक्षेची कार्डं तेच तपासतात, कारण भोकं मोजण्यात त्यांचा हात कोण धरणार. अण्णा त्यांना म्हणाले होते, "मानद म्हणजे फोटोला हार घालून भिंतीवर टांगणं. मी अजून जमिनीवर उभा आहे."

मी घरी येऊन विचार केला. मी बाहेर पडले तर मला काय? भजनी मंडळ आहे, नातवंडं आहेत, भांडायला सख्खी सून आहे. अण्णा बाहेर पडले तर? सकाळी उठून तो माणूस जाणार कुठे?

दसऱ्याला अण्णा आणि मी शेजारी-शेजारी उभे राहिलो. मी ठरवून आले होते. माझे चार छर्रे अण्णांच्या कार्डावर. मग माझ्या कार्डावर उरणार सहा, म्हणजे मी नापास, त्याला इलाज नाही. अण्णांच्या कार्डावर चौदा भोकं निघाली की मी गळा काढणार होते: "अगं बाई, माझा शेजारधर्म परत उफाळला!" आणि आमचा नियम असा आहे, की कुठलं भोक कुणाचं हे ठरत नसेल, तर ज्याचं कार्ड त्याच्या पदरात चांगली दहा टाकायची. हा नियमही अण्णांचाच. माझ्यावर कुणी संशय घेणार नव्हतं. माझ्या मूर्खपणाची ख्याती जुनी आहे.

शिट्टी झाली. मी पहिले दोन माझ्या कार्डावर मारले. मग उजवा पाय हळूच अण्णांकडे वळवला, श्वास सोडला, चाप. पाय परत जागेवर. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मनगट ठणकत होतं, पण मला इतकी गंमत वाटत होती, की हसू दाबताना नेम हुकायची भीती. शाळेत कॉपी केली नव्हती, ती हौस सत्तरीत फिटली.

मध्येच कडेने बघितलं, तर अण्णा पाय हलवत होते. ज्या माणसाने आयुष्यभर "पाय रोवा, पाय!" म्हणून लोकांना सळो की पळो केलं, तो स्वतः डावा पाय सरकवत होता, परत आणत होता. म्हटलं, थकले. मी ठरलेला चौथा छर्राही त्यांच्या कार्डावर घातला.

परीक्षा संपली. दोऱ्या ओढल्या, कार्डं जवळ आली. डॉक्टरांनी भिंग काढलं. मी रडण्याची तयारी करून तोंड वाकडं केलं.

"अण्णांचं कार्ड," डॉक्टर म्हणाले. "भोकं दहा. गुण एकाहत्तर."

दहा? माझं वाकडं तोंड तसंच राहिलं. चौदा पाहिजेत! माझे चार गेले कुठे? हवेत?

"देवरेबाईंचं कार्ड," डॉक्टर माझ्याकडे वळले. "भोकं दहा. गुण त्र्याहत्तर. बाई, सहा झकास आहेत, पण हे चार काय केलंत? फोडणीतल्या मोहरीसारखे उडालेत."

मी कार्ड हातात घेतलं. सहा माझे, मध्याजवळ. चार कडेकडेला विखुरलेले. ते मी मारले नव्हते. टाळ्या झाल्या, कुणीतरी जिलबीचं खोकं उघडलं, बाकाखाली अडकणारे बागायतदार आधी तिकडे धावले. मी मात्र कार्ड उलटसुलट करत उभी. बोलता तर येईना. काय विचारणार, की मी केलेल्या लबाडीचा हिशेब लागत नाही?

अण्णा माझ्यासमोर आले. मान तिरपी करून त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं, खात्री करून घेतली, आणि आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली.

"सोनं घ्या," ते म्हणाले. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून आवाज खाली आणला. "तुमचा पाय माझ्याकडे वळला, की मी माझा तुमच्याकडे वळवत होतो. तेवढंच तर दिसतं मला. नंतर परत असला आगाऊपणा करशी ना, तर याद राख. तू भाईर गई ते मी भांडू कोनासंगे?"